माणूस काढायला शिकताय? आधी त्याला उभा राहू द्या

फिगर ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला मी पाऊण तास खपून एक चेहरा काढला. पापण्या, ओठांच्या कडा, कानाच्या घड्या, सगळं मन लावून. मग मान, खांदे, छाती करत खाली येईपर्यंत कागद गुडघ्याशीच संपला. बाई मागे येऊन थांबल्या. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "अगं, हा उभा कशावर आहे?" एवढं विचारून त्या पुढच्या इझलकडे (चित्राचा बोर्ड उभा ठेवायच्या घोडीकडे) गेल्या.

तेव्हा मला वाटलं, पावलं काढायची राहिली म्हणून टोकलं. प्रश्न त्याहून मोठा होता, हे कळायला बरेच महिने गेले. मधल्या काळात मी स्नायूंची नावं पाठ केली, ठोकळे जोडून माणसं बनवली, फोटोंवरून छान गुळगुळीत शेडिंग केलं, तरी माझी माणसं कागदावर तरंगायची. जमीन दाखवायला खाली एक रेघ ओढली तरी तरंगायचीच. शरीराचा भार कुठून निघतो आणि कुठे टेकतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. खालचा क्रम त्या गोंधळातून तयार झाला आहे. कुणी हाडांपासून सुरुवात करतं, कुणी ठोकळ्यांपासून. मी भारापासून करायला सांगेन.

१. सामान: कमी, पण मोठं

बारा पेन्सिलींचा डबा मीही घेतला होता. त्यातल्या दोन झिजल्या, बाकीच्या अजून तशाच टोकदार आहेत. सुरुवातीला एवढं पुरतं:

- साध्या चारकोलच्या काड्या, म्हणजे डहाळ्या जाळून केलेल्या
- २बी आणि ६बी पेन्सिल
- न्यूजप्रिंटचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाचा, जाडजूड गठ्ठा, निदान ए२ मापाचा
- जपून ठेवायच्या कामासाठी थोडे कार्ट्रिज कागद, म्हणजे ड्रॉइंगचे जाड कागद
- ड्रॉइंग बोर्ड आणि दोन-तीन मोठ्या क्लिपा
- पिठासारखं मळता येणारं मऊ रबर
- पुसायला जुनं सुती फडकं
- हातभर दोरा आणि त्याला बांधायला नट किंवा किल्ली (कशाला, ते पुढे सांगते)

इथे फसायच्या जागा तीन. दुकानात साध्या चारकोलशेजारीच कॉम्प्रेस्ड चारकोल ठेवलेला असतो. तो जास्त काळा दिसतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण त्यात चिकटद्रव्य असतं आणि रेघ सहज पुसली जात नाही. नवशिक्याला तर दर मिनिटाला पुसायचंच असतं. साधा चारकोल फडक्याच्या एका फटक्यात जातो, म्हणून तो आधी. दुसरी जागा म्हणजे लहान वही. तळहाताएवढ्या पानावर मनगटानेच काढलं जातं आणि मनगटातून लांब वळण येत नाही. तिसरी न्यूजप्रिंटची. हा कागद लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. तो सरावाचाच समजा, त्यावर जीव जडवू नका.

चारकोलचं काम टिकवायला फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारता येतं, पण मोकळ्या हवेत. बंद खोलीत अजिबात नको.

२. कागद उभा, तुम्ही लांब

हा मुद्दा छोटा आहे, पण याने माझ्या निम्म्या चुका गेल्या. बोर्ड टेबलावर आडवा ठेवून काढलं की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आपल्याला आखूड दिसतो. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणतो. चित्र भिंतीला लावलं की डोकं-खांदे मोठे आणि पाय खुरटे. त्यामुळे बोर्ड इझलवर जवळजवळ उभा ठेवा. इझल नसेल तर खुर्चीच्या पाठीला टेकवा.

मॉडेलपासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसा. फार जवळ बसलात तर डोकं पाहायला मान वर आणि पावलं पाहायला खाली करावी लागते, मग एकाच चित्रात दोन वेगळ्या नजरा येतात. इझल असा लावा की मान न वळवता, नुसते डोळे हलवून मॉडेल आणि कागद दोन्ही दिसतील. उजव्या हाताने काढत असाल तर मॉडेल इझलच्या डाव्या बाजूला दिसू द्या, म्हणजे स्वतःचाच हात आड येत नाही.

चारकोल लिहायच्या पेनासारखा धरू नका. काडी तळहाताखाली आडवी, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत. हालचाल खांद्यातून. पहिले दोन दिवस हात परका वाटतो, मग बसतो.

३. पहिली तीस सेकंदं: भार शोधा

तासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी झटपट पोझनी होते. तीस सेकंदांच्या दहा, एक मिनिटाच्या दहा, मग दोन, मग पाच मिनिटं. याला जेश्चर म्हणतात. नवीन मुलं यात हमखास हिरमुसतात, कारण तीस सेकंदांत डोकं आणि एक खांदाच होतो. तसं होत असेल तर तुम्ही बाहेरची कड काढत आहात. कड नंतर.

मी हा क्रम धरते:

पहिली पाच सेकंदं काहीही काढायचं नाही. फक्त बघायचं की कोणता पाय दाबला गेलाय. भार घेतलेल्या पायाचा गुडघा बहुधा मागे ताठ असतो आणि पोटरी आवळलेली. दुसरा पाय सैल असतो, तो उचलला तरी माणूस पडणार नाही.

मग एकच लांब रेघ. माथ्यापासून निघून मान, पाठीचा कणा आणि भार घेतलेल्या पायातून थेट टाचेपर्यंत. ही रेघ क्वचितच सरळ असते.

मग दोन आडव्या रेघा, एक खांद्यांची आणि एक कंबरेची. सगळं इंगित या दोन रेघांत आहे. माणूस एका पायावर रेलला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. रेघा एकमेकींकडे कलतात. त्या बाजूच्या बरगड्या आणि कंबर यांच्यात मांस दाबलं जातं, वळ्या पडतात. पलीकडची बाजू ताणली जाते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या ग्रीक शिल्पकारांनी दगडी माणसं जिवंत वाटायला लावली ती याच युक्तीने. आपल्याकडच्या मूर्तींमधला त्रिभंगही मान, कंबर आणि गुडघा यांच्या वेगवेगळ्या कलण्यातूनच येतो.

उरलेल्या वेळात सैल पाय आणि हात, एकेका रेघेत. डोकं म्हणजे नुसता अंडाकार. डोळे-नाक काढायचा मोह झाला तर चारकोल खाली ठेवा. मी गंमत करत नाही, मला दोन महिने हेच करावं लागलं.

हातात पेन्सिल असेल तर रबर या टप्प्यात पिशवीतच राहू द्या. चुकीच्या रेघेवर बरोबर रेघ दाबून काढा. दोन्ही दिसल्या की चूक केवढी होती तेही दिसतं.

४. ओळंबा सोडा

तो दोरा आणि किल्ली आता काढा. गवंडी भिंत सरळ आहे का ते जसं पाहतो, तसंच. दोरा हातात लोंबता धरा, एक डोळा मिटा आणि दोरा मॉडेलच्या गळ्याखालच्या खळगीवरून खाली जाऊ द्या. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा ओळंबा त्या पायाच्या घोट्याच्या आसपास उतरतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मधे.

मग तीच उभी रेघ आपल्या चित्रात पुसट ओढा आणि पाहा. माझी तरंगणारी माणसं मी एकदा अशी तपासली. सलग सहा चित्रांत गळ्याची खळगी पावलांच्या बाहेर लटकत होती. खरा माणूस असता तर कोसळला असता.

ओळंबा पावलांच्या बाहेर गेला म्हणजे दर वेळी चित्र चुकलं असं नाही. चालणारा, धावणारा माणूस पडत-सावरतच पुढे जातो. भिंतीला टेकलेल्या माणसाचा ओळंबाही बाहेर जातो, पण मग ती भिंत चित्रात हवी. खुर्चीवर बसलेल्याचं तसंच. भार बैठकीवर असतो, म्हणून खुर्ची "मागाहून जमलं तर" म्हणून ठेवायची वस्तू नाही. मी आता खुर्चीची बैठक आणि मांडी एकत्रच काढते.

५. मोजमाप: डोकं हे एकक

हात पूर्ण ताठ करा. पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक मॉडेलच्या माथ्याशी लावा आणि अंगठ्याचं नख हनुवटीशी येईपर्यंत सरकवा. हे झालं एक डोकं. आता ते खाली खाली ठेवत मोजा. कोपर जरा वाकलं तरी पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि मापं बिघडतात. मला एकदा नऊ डोक्यांचा माणूस मिळाला होता, तो याच कारणाने.

मोठ्या माणसाची उंची साधारण ७ ते ७.५ डोकी भरते. पुस्तकांत सहसा आठ डोक्यांचा माणूस दाखवतात. तो आदर्श जुना आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने डोकं उंचीच्या एक अष्टमांश सांगितलं होतं आणि लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४९० मध्ये वर्तुळ-चौकोनातला माणूस काढला तो त्याच्याच मापांवरून. आठ डोक्यांचा माणूस उमदा दिसतो, पण समोर उभी असलेली व्यक्ती तशी नसेल तर जे दिसतं ते काढा. नवजात बाळ तर जेमतेम चार डोक्यांचं असतं.

लक्षात ठेवायला थोडीच मापं पुरतात. उभ्या माणसाचा मध्य जांघेशी येतो, बेंबीशी नव्हे. हात सरळ सोडला की कोपर बरगड्यांच्या खालच्या कडेजवळ, मनगट जांघेच्या पातळीला आणि बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. पाऊल जवळजवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढं असतं. ते आपल्याला नेहमी लहान वाटतं, म्हणून सगळेच ते लहान काढतात.

लांब पोझ सुरू करताना कागदावर आधी माथा आणि टाच यांच्या दोन खुणा करा आणि मध्ये जांघेची तिसरी. मग काहीही झालं तरी माणूस त्या खुणांच्या आतच बसवायचा. माझ्यासारखा गुडघ्याशी कागद संपणार नाही.

मापांनीही जमत नसेल तर रिकाम्या जागा बघा. कंबरेवर हात ठेवला की हात आणि धड यांच्यात एक त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाला नाव नाही, त्याच्याबद्दल आपल्या डोक्यात आधीपासून काही ठरलेलं नाही, म्हणून तो बरोबर काढला जातो. तो बरोबर आला की हातही बरोबर येतो.

६. हाडं जिथे कातडीला भिडतात

स्नायूंची यादी पाठ करायची घाई करू नका. मी केली होती. परिणाम म्हणजे माझ्या चित्रातल्या सडपातळ आजोबांचीही छाती पैलवानाची झाली. त्यापेक्षा हाडं जिथे कातडीखाली लगेच हाताला लागतात त्या जागा शिका. माणूस वाकला, वळला, जाड असला, बारीक असला, तरी या जागांवर भरवसा ठेवता येतो:

- गळ्याची खळगी आणि तिथून दोन्ही खांद्यांकडे जाणारी आडवी हाडं
- खांद्याचं वरचं टोक
- मान पुढे झुकवली की मागे वर येणारा मणका, मानेच्या सातांपैकी शेवटचा
- कंबरेच्या हाडाची पुढची दोन टोकं आणि मागे माकडहाडाच्या वरच्या दोन खळ्या
- मांडीच्या बाहेरच्या बाजूला खुब्याचा उंचवटा
- गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे
- मनगटावर करंगळीच्या बाजूची गाठ

अंग भरलेलं असेल तर उंचवट्याच्या जागी खळगा दिसतो, पण जागा तीच. घोट्यांची एक गंमत स्वतःच्या पायावर पाहून घ्या: आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. सरळ आडवी रेघ मारून दोन्ही एका पातळीला काढले की पाऊल लाकडाचं दिसतं.

कोपरापुढच्या हातात दोन हाडं असतात. तळवा वर केला की ती शेजारी शेजारी राहतात, तळवा खाली वळवला की अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं. हाताचा आकारच बदलतो. दुसऱ्या हाताने पकडून वळवून बघा, कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर कळेल.

धड म्हणजे बरगड्यांचं अंडं आणि कंबरेच्या हाडाचा ठोकळा, मधे मऊ पोट. या दोघांतलं वळण सापडलं की धडाचं बरंचसं काम झालं.

७. आखूड दिसणारे हातपाय

एकदा मॉडेल आडवं झोपलं होतं आणि माझी जागा नेमकी पायांशी. मी नेहमीसारखे लांब पाय काढले. चित्रात तो माणूस घसरगुंडीवरून खाली येतोय असं दिसत होतं. मग पेन्सिल धरून मोजलं. तळव्याची जेवढी उंची दिसत होती, तेवढ्यात गुडघ्यापासून जांघेपर्यंतची अख्खी मांडी मावत होती. माझा विश्वास बसेना. तीनदा मोजलं. पाय लांब असतात हे मला माहीत होतं आणि त्या माहितीनेच घात केला होता.

अशा वेळी लांबी विसरा, एकावर एक चढलेले आकार शोधा. तळव्याच्या आड घोटा, घोट्याच्या आड नडगी, गुडघ्याच्या आड मांडी. जवळच्या आकाराची रेघ सलग जाऊ द्या आणि मागच्याची तिथे येऊन थांबू द्या. खोली या थांबण्यातून दिसते, नुसत्या शेडिंगने ती आणता येत नाही.

८. हात, पावलं, चेहरा

हातावर पायमोजा चढवला आहे असं समजून आधी एकच आकार काढा, बोटं मग फोडा. मनगटापासून टोकापर्यंतच्या लांबीत मागच्या बाजूने मधलं बोट साधारण निम्मं असतं. बोटांची मुळं सरळ रेघेत नसतात, कमानीत असतात. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. बहुतेक जण ते वर नेतात आणि कपाळ गायब होतं. चेहऱ्याबद्दल सध्या एवढंच.

पावलांवर मात्र वेळ घाला. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने लिबियन सिबिल नावाची एक भव्य स्त्री रंगवली आहे. तिच्यासाठी सुमारे १५१०-११ मध्ये लाल खडूने केलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. समोर बसलेलं मॉडेल पुरुष होतं हे पाठीवरून लगेच कळतं. पण मला त्या कागदावर भावतात ती कोपऱ्यातली पायाची बोटं. ज्या पावलावर ती आकृती जोर देते, त्याची बोटं त्याने पुन्हा वेगळी काढून पाहिली आहेत. त्याचंही अडत होतं ते तिथेच, म्हणून मला जरा बरं वाटतं.

९. उजेड

एकच दिवा, एका बाजूने. डोळे किलकिले करा म्हणजे बारकावे जातात आणि सावलीचा एक सलग आकार उरतो. तो आकार एकाच राखाडी छटेत भरा. पहिले काही महिने दोनच छटा, उजेड आणि सावली. बोटाने घासून गुळगुळीत करायचा मोह टाळा, अंग मेणाचं दिसायला लागतं. पावलांखालची जमिनीला चिकटलेली सावली विसरू नका, माणसाला खिळा मारून जागेवर बसवते ती.

१०. मॉडेलसमोर कसं वागायचं

निर्वस्त्र मॉडेल पहिल्यांदा समोर आलं की अवघडायला होतं. सगळ्यांनाच होतं. दहा मिनिटांत कंबरेचा कोन जुळेनासा होतो आणि अवघडलेपण विसरायला होतं.

फोन पिशवीत. फोटो काढायचा नाही, "फक्त रेफरन्ससाठी" म्हणूनसुद्धा नाही. मॉडेलला हात लावायचा नाही. शरीराबद्दल शेरे नाहीत, कौतुकाचेही नाहीत. पोझ चालू असताना आत-बाहेर करू नका. वीस मिनिटं न हलता उभं राहणं किती कठीण आहे ते घरी एकदा करून बघा, म्हणजे मधल्या विश्रांतीला कुरकुर करणार नाही.

लांब पोझमध्ये पावलांभोवती चिकटपट्टीच्या किंवा खडूच्या खुणा करतात, म्हणजे विश्रांतीनंतर मॉडेल त्याच जागी उभं राहतं. तरीही शरीर हळूहळू खचतं, खांदे उतरतात, कंबर सरकते. म्हणून खांदा-कंबरेच्या दोन रेघा पहिल्या पाच मिनिटांत पक्क्या करा आणि पुढे त्यांनाच धरून राहा. खचणाऱ्या मॉडेलमागे धावलात तर चित्रात तीन वेगवेगळ्या वेळांचा माणूस तयार होतो.

११. मॉडेल नसेल तेव्हा

आरसा आहे, स्वतःचा डावा हात आहे, दोन पावलं आहेत. वाट बघत बसलेली माणसं आहेत. ती हलतात, म्हणून एकाच पानावर चार-पाच चित्रं सुरू ठेवा. माणूस थोड्या वेळाने पुन्हा त्याच पायावर रेलतो, तेव्हा परत त्या चित्राकडे या.

फोटो चालतात, पण जपून. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात अवाढव्य होतो आणि सावल्या नुसत्या काळ्या पडतात. शिवाय फोटो थकत नाही, त्यामुळे आपण रेंगाळतो. घड्याळ लावून बसा.

चित्र झालं की ते आरशात उलटं बघा. तासभर पाहून सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला कलता खांदा तिथे लगेच खुपतो.

१२. शेवटी ती पोझ स्वतः घ्या

हे मला बाईंनी वर्षाच्या शेवटी सांगितलं. मी तेव्हा तक्रार करत होते की सगळी मापं बरोबर आहेत, ओळंबाही बसतोय, तरी पोझ ढिली वाटते. त्या म्हणाल्या, "मग तू तशी उभी राहा बघू."

चित्र तिथेच टेकवा आणि त्याच्यासमोर मॉडेलसारखे उभे राहा. तोच पाय, तीच कंबर, मान तेवढीच वळलेली. पाचेक मिनिटांनी कुठे कळ यायला लागते ते बघा. माझ्या त्या पोझमध्ये ती उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला आली. चित्रात तिथे मी जेमतेम एक पुसट रेघ ठेवली होती. चारकोलची काडी आडवी धरून ती जागा काळी केली, बाकी कशाला हात लावला नाही.